कविसंकेत आणि भुंगा

दिवाळी अंकासाठी समीक्षेचा लेख मागताना संपादक हळूच एक अट घालतात : लेख घरातल्या सर्वांना वाचता यावा. ही अट ऐकली की आम्हा मास्तर मंडळींच्या पोटात गोळा येतो. चकलीच्या ताटलीशेजारी काव्यशास्त्र ठेवले तर चकली मऊ पडेल आणि काव्यशास्त्राला तेलाचे डाग पडतील, अशी काहीशी भीती वाटते. तेव्हा या खेपेस सिद्धान्त बाजूला ठेवून मी एक कबुली देणार आहे. ती समीक्षेत जमा करायची की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

मी एका महाविद्यालयात मराठी शिकवीत होतो, तेव्हाची म्हणजे तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय नेमलेला होता. त्यात अर्जुनाला पडलेल्या मोहाचे वर्णन करताना ज्ञानदेवांनी भ्रमराचा दृष्टान्त दिला आहे. भ्रमर कसलेही कोरडे लाकूड सहज पोखरून काढतो. पण तोच कोवळ्या कळीत सापडला तर जीव देईल, पाकळी मात्र चिरणार नाही. स्नेह असा असतो : कोवळा, आणि कोवळेपणामुळेच कठीण. परीक्षेत या ओव्यांचे रसग्रहण विचारले होते. शंभरएक मुलांनी माझ्याच टिपणातली वाक्ये मला परत केली. एका मुलीने मात्र लिहिले होते की, आमच्या घरी पडवीच्या वाशाला भुंगा भोके पाडतो, खाली भुसा पडतो, आजी रोज तो झाडते आणि भुंग्याला शिव्या देते. म्हणून ही ओवी मला आमच्या घरातली वाटते. मुलगी किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावची होती. मी लाल पेन्सिलीने समासात ‘अवांतर’ असे लिहिले, खाली ‘भ्रमर हा कविसंकेत आहे, निरीक्षण नव्हे’ अशी पुस्ती जोडली आणि दीड गुण कापले.

पुस्ती जोडताना मला जरा बरेही वाटले होते, हेही सांगून टाकतो.

गेल्या ऑक्टोबरात मी मालगुंडला गेलो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गणपतीपुळ्याजवळचे हे गाव म्हणजे केशवसुतांचे जन्मस्थान. 1866 साली ते इथे जन्मले. त्यांचे इथले घर जपून ठेवलेले आहे आणि त्याला लागून कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले स्मारक आहे. 1994 साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मला ते घर पुन्हा एकदा पाहायचे होते. बरोबर माझी भाची होती. ती प्राणिशास्त्र शिकते. तिला केशवसुतांशी काही कर्तव्य नव्हते. तिला किनाऱ्यावर उतरणारे पाहुणे पक्षी मोजायचे होते. माझ्या पिशवीत तीन पुस्तके होती, तिच्या गळ्यात दुर्बीण. गणपतीपुळ्याहून सकाळी निघून कधी वाळूतून, कधी रस्त्याने, रमतगमत मालगुंड गाठायचे, असा बेत ठरला.

आता ऑक्टोबर म्हणजे शरद. शरद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? धुतलेले आकाश, चांदणे, काशाची पांढरी फुले, कमळांची तळी आणि त्यांत हंस. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तला तिसरा सर्ग वाचला नसला तरी त्यातला शरद आपल्याला पाठ असतो, कारण पुढच्या लेखकांनी तो हातोहात आपल्यापर्यंत पोचवला आहे. कोकणचा शरद मी त्या दिवशी सकाळी नऊ वाजताच अनुभवला. सदरा पाठीला चिकटला होता. आकाश खरोखरच धुतलेले होते, पण त्यातून येणारे ऊन डोक्यात टोचत होते. कडेच्या खाचरांत भात पिवळे पडून वाकले होते, कुठे कापणीही सुरू झाली होती. शरद ही वैद्यांची आई, असे जुने लोक म्हणत. ते चांदण्याकडे बघून नव्हे, दुपारच्या उन्हाकडे आणि घरोघरच्या तापाच्या रोग्यांकडे बघून म्हणत. मराठी लेखकाने शरद लिहायला घेतला की तो चांदण्यापासून का सुरू होतो आणि घामापासून का होत नाही, हा प्रश्न मला पहिल्या दोनशे पावलांतच पडला.

पहिला पक्षी दिसला तो धोबी. ओल्या वाळूवर शेपटी वरखाली हलवीत तो पळत होता. हिवाळ्यापुरता आपल्याकडे येणारा हा पाहुणा. संस्कृतात याला खंजन म्हणतात. खंजन आला म्हणजे शरद आला, ही खूण पूर्वीच्या लोकांनी हेरून ठेवली होती. तुलसीदासांनी रामचरितमानसाच्या किष्किंधाकांडात शरदाचे वर्णन करताना खंजनाचे येणे नोंदवले आहे. पुढे मात्र या पक्ष्याचे हाल झाले. त्याच्या चंचलपणावरून सुंदरीच्या डोळ्यांना त्याची उपमा दिली गेली, आणि उपमा इतकी लोकप्रिय झाली की पक्षी नाहीसा होऊन नुसते डोळेच उरले. आमच्या जुन्या नाटकांतून आणि पंडिती काव्यांतून ‘खंजननयना’ पुष्कळ भेटतात; खंजन एकही भेटत नाही. याच्या उलट ‘धोबी’ हे नाव पाहा. ते कुणा पंडिताने ठेवलेले नाही. पाणवठ्यावर धुणे धुताना शेजारच्या दगडावर शेपूट आपटीत बसलेला हा पाखराचा पोर ज्याने पाहिला, त्याने ते ठेवले. एकाच पक्ष्याची ही दोन नावे : एकात पाहणे संपले आहे, दुसऱ्यात ते चालू आहे.

‘‘मामा, हलू नका,’’ भाची एकदम म्हणाली. मी एका पायावर थांबलो.

पुढे, भरतीच्या रेघेपाशी, वाळूच हलत होती. नीट पाहिले तेव्हा ती वाळू नसून चाळीस-पन्नास लहान पक्षी होते. थोडे धावायचे, खटकन थांबायचे, चोच मारायची, पुन्हा धावायचे. थांबले की दिसेनासे होत, इतका त्यांचा रंग वाळूशी मिळालेला. भाचीने त्यांना चिखल्या म्हटले. हे हिमालयापलीकडच्या पठारांवर घरटी करतात आणि पावसाळा सरता सरता आपल्या किनाऱ्यावर येतात. त्यांच्यापलीकडे पाण्यावर कुरव तरंगत होते. त्यांचे नाव तपकिरी डोक्याचा कुरव. आणि डोके पाहावे तर बहुतेकांचे पांढरे, कानामागे फक्त एक काळसर ठिपका. मी शंका काढली. भाची म्हणाली, डोके तपकिरी होते ते विणीच्या दिवसांत, तिकडे लडाख-तिबेटातल्या उंच सरोवरांकाठी. इथे येतात ते टोपी उतरवून. म्हणजे या पाहुण्याला आपण नाव दिले आहे ते त्याच्या घरच्या वेषावरून. समीक्षेतही असे होते. एखाद्या कवीला आपण त्याच्या एका कवितेवरून नाव देऊन ठेवतो आणि मग तो दुसऱ्या कोणत्याही रूपात आला की ओळखत नाही.

सरोवरांवरून मला हंस आठवले. ‘मेघदूता’त कालिदासाने हंसांना क्रौंचरंध्रातून, म्हणजे हिमालयातल्या खिंडीतून, मानससरोवराकडे धाडले आहे. पुढच्या हजार वर्षांत हा निव्वळ संकेत झाला. ज्यांनी हिमालय पाहिला नाही आणि हंसही पाहिला नाही, त्यांनीही पावसाळा आला की हंस मानसाला पाठवले. पण मूळ गोष्ट खोटी नाही. ज्याला आज पक्षिमित्र पट्टकादंब म्हणतात, तो हंसाच्या कुळातला पक्षी हिवाळ्यात देशावरच्या तळ्यांवर उतरतो आणि उन्हाळ्यापूर्वी हिमालय ओलांडून तिबेटाकडे परततो. तो मेघाची वाट पाहत थांबत नाही, पावसाच्या बराच आधी निघतो. एवढा फरक सोडला तर दिशा बरोबर, वाट बरोबर. तेव्हा कविसंकेत म्हणजे खोटी गोष्ट, असे जे मी वर्गात वर्षानुवर्षे सुचवीत आलो, ते तितकेसे खरे नाही. कुणीतरी कधीतरी उघड्या डोळ्यांनी पाहिलेली आणि नंतरच्यांनी डोळे मिटून वापरलेली गोष्ट म्हणजे कविसंकेत. दोष पाहणाऱ्याचा नव्हे.

असे काही मी भाचीला सांगत होतो. ती दुर्बिणीतून बगळा पाहत होती.

या बगळ्याने माझी दुसरी फजिती केली. ओहोटीने खडक उघडे पडले होते आणि त्यांवर एक करडा, पाटीच्या रंगाचा बगळा शिकार करीत होता. बगळा म्हणजे पांढरा, ही आपली पक्की समजूत. बगळ्यांची माळ पांढरी, बगळ्याची पिसे पांढरी. आणि ‘बकध्यान’ हा तर आपण ढोंगी माणसाला दिलेला किताबच. खडकाळ समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्या या जातीत पांढरे बगळे असतात तसे करडेही असतात, आणि ध्यानाशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. तो पळत होता, पंख अर्धे उघडून गिरकी घेत होता, पायाने पाणी ढवळीत होता, मासा हुकला की दुसरीकडे उडी मारीत होता. बेस्टची बस पकडायला धावणारा मुंबईचा कारकून मला आठवला. ज्याने ‘बकध्यान’ हा शब्द केला त्याने तळ्याकाठचा बगळा पाहिला होता, आणि त्याच्यापुरते ते बरोबरच होते. पण समुद्रकाठच्या माणसानेही तळ्याकाठचा बगळा का लिहावा? मराठीला सातशेवीस किलोमीटरचा किनारा आहे. श्री. ना. पेंडसे यांच्यासारख्या कादंबरीकाराने त्या बाजूची माणसे, त्यांची भांडणे, त्यांची माती आपल्यापुढे जिवंत उभी केली. बा. भ. बोरकरांनी आपल्या गोव्याचे पाणी कवितेत आणले. तरीही पुळणीवर धावणारा चिखल्या आणि खडकावरचा हा करडा बगळा अजून साहित्याच्या दारातच उभे आहेत.

इथे कुणी म्हणेल, साहित्याने पक्ष्यांची जंत्री द्यावी काय? मीही पूर्वी असेच म्हणत असे. किंबहुना पक्ष्यांवरच्या एका पुस्तकाचे परीक्षण करताना ‘जंत्री’ हाच शब्द वापरून मी ते मोकळे केले होते. आज तो शब्द मी मागे घेतो. मारुती चितमपल्ली यांचे 2025 च्या जूनमध्ये निधन झाले, तेव्हा मी त्यांची पुस्तके पुन्हा काढून बसलो. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाने विदर्भातल्या जंगलांतून आदिवासींकडून, शिकाऱ्यांकडून, कोळ्यांकडून पाखरांची नावे गोळा केली, ती संस्कृत ग्रंथांतल्या नावांशी ताडून पाहिली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. नाव कळले की गोष्ट दिसू लागते. चिखल्या हा शब्द कळेपर्यंत मला ती हलणारी वाळूच होती. नावांची जंत्री ही साहित्याची सामग्री आहे, साहित्य नव्हे, हे खरे. पण सामग्रीच नसेल तर मराठी कथेतल्या माणसाने खिडकीबाहेर पाहिल्यावर ‘कुठलेसे पाखरू’ ओरडण्यापलीकडे काय होणार? चितमपल्लींना नवेगावबांध मिळाले. किनाऱ्याला त्याचा चितमपल्ली अजून मिळायचा आहे.

आणि जंत्रीचे साहित्य कसे होते, हे पाहायचे तर माझ्या पिशवीतले दुसरे पुस्तक, दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’. ते 1956 साली निघाले. आजही कुणी मला निसर्गावर कसे लिहावे असे विचारले तर मी ते पुस्तक हातात ठेवतो. बाई विदुषी होत्या, संस्कृत त्यांना चांगले अवगत होते. त्यांनी मनात आणले असते तर बारा महिने बारा काव्यांतून उतरवून काढणे त्यांना अवघड नव्हते. पण त्यांनी झाडाखाली जाऊन उभे राहणे पत्करले. कोवळी पालवी एवढे म्हणून त्यांचे भागत नाही. पानाचा रंग कोवळेपणी कोणता, मग कोणता, उन्हात कोणता, हे त्या बघतात, आणि जुन्या काव्यातला संदर्भ आला तर तो या पाहण्याच्या मागून, पुष्टीसाठी येतो. आधी डोळा, मग ग्रंथ. माझी तक्रार एवढीच की हे पुस्तक झाडांचे आणि आभाळाचे जितके आहे, तितके किड्यापाखरांचे नाही. पण एका माणसाने सगळेच बघावे, ही अपेक्षा करणे हा समीक्षकांचा जुना रोग आहे.

दुपारी एका आंब्याखाली आम्ही भाकरी सोडली. भाचीने वर बोट दाखवले. तांबड्या मुंग्यांनी पाने जोडून चेंडूएवढे घर केले होते. पानांच्या कडा काही मुंग्या ओढून धरतात आणि दुसऱ्या काही मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून त्या कडांवरून पुढेमागे फिरवतात. अळीच्या तोंडून निघणाऱ्या रेशमाने पाने शिवली जातात. मोठ्यांना धागा काढता येत नाही, तो बाळांनाच येतो. मर्ढेकरांनी शहरातल्या माणसांच्या मुंग्या केल्या, आणि त्या प्रतिमेचा दरारा इतका की त्यानंतर मराठीत मुंगी म्हणजे गर्दी, मुंगी म्हणजे चेहरा नसलेला जीव, असे ठरूनच गेले. मर्ढेकरांची मुंगी खरी आहे. ती त्यांनी गिरगाव-दादरच्या फलाटांवर पाहिली. पण बाळाची सुई करून घर शिवणारी ही मुंगी दुसऱ्या कुणाला तरी लिहिता आली असती. भाकरीवर चढलेल्या दोन मुंग्या मी आदराने झटकल्या, एक चावलीच.

उतरत्या उन्हात मालगुंडच्या अलीकडे, कापलेल्या भातखाचरांवर चतुर उडत होते. दोन-चार नव्हे, शेकडो. पिवळसर, कुठेही न टेकणारे, डोक्याच्या उंचीवर तरंगणारे. तारेवर वेडे राघू आणि कोतवाल बसले होते, ते मध्येच झेप घेऊन एखादा उचलीत. लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून आम्ही त्याला ‘विमान’ म्हणत असू. तो विमानाच्याही पुढचा आहे हे मला त्या दिवशी कळले. मालदीव बेटांवर दर ऑक्टोबरात या जातीच्या चतुरांचे थवेच्या थवे उतरतात. त्या बेटांवर उघडे गोडे पाणी जवळजवळ नाही, आणि चतुराची अंडी-अळी तर गोड्या पाण्यातच वाढते. मग हे आले कुठून? तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या आणि 2009 साली मांडले की ते हिंदुस्थानातून येतात, मान्सून माघारी फिरताना उंचावरून वाहणाऱ्या वाऱ्यावर स्वार होऊन. आणि तिथेही न थांबता पूर्व आफ्रिका गाठतात. परत येतात ती त्यांची मुले-नातवंडे, पुढच्या पावसाबरोबर. अंगठ्याएवढा जीव, आणि त्याच्या तीन-चार पिढ्यांत मिळून समुद्रावरून एक फेरी!

केशवसुतांची ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यांस’ ही कविता मला तिथे आठवली. पोटासाठी कोकणापासून दूर गेलेल्या कवीला समुद्राकडून येणारे वारे भेटतात आणि ते आपल्या जन्मभूमीवरून आलेले आहेत, या जाणिवेने तो व्याकुळ होतो. शाळेत असताना मला ती कविता नकाशातली वाटायची. ‘नैर्ऋत्य’ हा शब्दच भूगोलाच्या पुस्तकातला. आता त्याच गावाच्या वेशीवर उभे राहून, तेच वारे उलटे फिरलेले आणि त्यांच्यावर बसून निघालेले चतुर पाहताना, दिशा हा त्या कवितेत अलंकार नाही हे ध्यानात आले. वारा खरोखरच त्या बाजूने येतो. घर सोडून गेलेल्या माणसाला दिशा चुकून चालत नाही.

फुलपाखराला मराठी कवितेत हक्काची जागा मिळाली, ग. ह. पाटलांनी तर ते प्रत्येक मराठी मुलाच्या तोंडी बसवले. चतुराला ती मिळाली नाही. त्याला रंगाचा डौल नाही म्हणून असेल.

स्मारकापाशी पोचलो तेव्हा चार वाजले होते. घर पाहिले. त्याबद्दल मी फार लिहीत नाही. ज्यांना कवितेचे प्रेम आहे त्यांनी एकदा जाऊन यावे. एक गंमत सांगतो. ओढ्याच्या तोंडाशी एक छोटा पक्षी ढुंगण नाचवीत चिखलात फिरत होता आणि आमची चाहूल लागताच बारीक, चिरका आवाज काढीत पाण्यालगत उडत गेला. भाचीने वहीत लिहिले : तुतारी. मी दचकलो. या पक्ष्याचे मराठी नाव तुतारी असेच आहे, आणि त्याचा आवाज एवढा बारीक की त्याने कुणाही गाफिलाची झोप मोडण्याची शक्यता नाही. केशवसुतांच्या जन्मगावी, त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कवितेचे नाव धारण करणारा हा एवढासा जीव शेपूट नाचवीत पोट भरतो आहे, हे पाहून त्या बंडखोर कवीला हसू आले असते असे मला वाटते. लोक समजतात तितका तो गंभीर नव्हता.

मुक्काम माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या वहिनींकडे होता. त्यांनी पडवीत चहा आणून ठेवला. जुने घर, चिऱ्याच्या भिंती, वर वासे. मी कप उचलणार तोच कपाच्या कडेवर पिवळसर भुसा भुरभुरला. वर पाहिले. वाशाला करंगळी जाईल एवढे, परकाराने काढल्यासारखे गोल भोक होते आणि त्यातून करकर असा आवाज येत होता.

‘‘निवतोय चहा, मास्तर,’’ वहिनी म्हणाल्या. मग माझी नजर पाहून म्हणाल्या, ‘‘त्या मेल्या भुंग्याने वासा पोखरून टाकलाय. दर वर्षी बुजवते, दर वर्षी नवीन पाडतो.’’ आणि त्या झाडू आणायला आत गेल्या.

मी काही वेळ बोललो नाही. भाची खुर्चीवर चढून भोकाजवळ कान नेऊन ऐकत होती. तिने सांगितले ते असे. काळा, निळसर पंखांचा हा मोठा भुंगा लाकूड खात नाही, नुसते कोरतो. कोरते ती मादी. आत बोगदा करून परागाचा आणि मधाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते, लाकडाच्या भुशाची भिंत घालून ती खोली बंद करते आणि पुढची खोली घेते. कोरडे, मेलेले लाकूड तिला लागते. ‘भलतेच कोरडे लाकूड’ हा ज्ञानदेवांचा शब्दन्‌शब्द बरोबर होता. तो संकेतकोशातून आलेला नव्हता. कुणाच्या तरी पडवीतून आलेला होता. याच अर्थाचे एक संस्कृत सुभाषितही आहे, तेव्हा दृष्टान्त ज्ञानदेवांना परंपरेने मिळाला असेल. पण परंपरेत तो घालणाऱ्यानेही वर मान करून वासा पाहिला असणार.

इथवर मी आनंदात होतो. तेवढ्यात भाचीने माझ्या आनंदात मिठाचा खडा टाकला. ती म्हणाली, ‘‘मामा, पण हा भुंगा फुले चिरतो हं. नळीसारख्या फुलात तोंड पोचले नाही तर बुडाशी चीर पाडून मध चोरतो.’’ आणि पुढे : कमळ संध्याकाळी मिटते, आत किडे अडकतात, पण मरत नाहीत. कमळ स्वतःची ऊब राखते. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या बागेतल्या कमळांवर शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले तेव्हा बाहेर हवा 10 अंशांवर आली तरी फुलात 30 अंशांच्या वर ऊब होती. हा निबंध 1996 सालचा. कैदी रात्रभर उबेत राहतो आणि सकाळी दार उघडले की उडून जातो.

म्हणजे ओवीचा पहिला अर्धा भाग खरा आणि दुसरा खोटा?

भाचीला यात काही अडचण वाटली नाही. मला वाटली, आणि चहा खरोखरच निवला. बराच विचार केल्यावर मला दिसले ते असे. कवी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा नसतो. भ्रमर पाकळी चिरतो की नाही, हा ज्ञानदेवांचा प्रश्नच नाही. अर्जुनाच्या हातून धनुष्य का सुटते, हा आहे. दुसऱ्या अर्ध्यात कवी स्वतःचे काही सांगतो आहे आणि तिथे त्याला भुंग्याची परवानगी लागत नाही. पण पहिल्या अर्ध्यात त्याला ती लागते. वाशातली ती करकर, तो गोल, कठोर बोगदा, तो भुसा आपल्या ओळखीचा असेल तरच ‘हाच जीव पाकळीपाशी हतबल होतो’ या वाक्याचा धक्का बसतो. ज्याने फक्त टिपणातला भ्रमर वाचला, त्याला धक्का बसत नाही. त्याला दृष्टान्त समजतो, एवढेच. मला तो चाळीस वर्षे समजत होता. त्या मुलीला बसला होता. तिने रसग्रहण म्हणून जे लिहिले ते माझ्या टिपणापेक्षा ओवीच्या जास्त जवळ होते, कारण ओवी जिथून निघाली तिथे ती मुलगी राहत होती. तिच्या आजीच्या झाडूपर्यंत सगळे काही प्रस्तुत होते. अवांतर होते ते माझे टिपण.

उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेल्या असतील. ती मुलगी आता पन्नाशीकडे आली असेल, कदाचित हा अंक तिच्याही घरी येत असेल.

वहिनी झाडू घेऊन आल्या. मी त्यांना म्हटले, ‘‘वहिनी, राहू द्या आज.’’ त्यांनी माझ्याकडे शहरी माणसाकडे पाहतात तसे पाहिले आणि माझे पाय बाजूला घ्यायला लावून भुसा झाडलाच. भाची वही उघडून दिवसाचा हिशेब लिहीत होती : धोबी 3, चिखल्या 46, कुरव 20, समुद्री बगळा करडा 1, तुतारी 2, चतुर अगणित. शेवटी तिने लिहिले, भुंगा 1, सायंकाळी 5 वाजून 10 मिनिटे, पडवीचा वासा. मग पेन्सिल थांबवून विचारले, ‘‘मामा, ओवी कितवी म्हणालात?’’

मी सांगितले. तिने त्याच ओळीत पुढे लिहून घेतले : अध्याय 1, ओवी 201.